घरात कोंबड्या आहेत पण पोरांच्या ताटात अंडं नाही, काय करावं?

डोंगरवाडी

नमस्कार मंडळी. आम्ही अकोले तालुक्यातले (नगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा, अकोला नव्हे), भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला आमची वाडी आहे. घरात मी, सासूबाई, पाच वर्षांची मुलगी आणि अकरा महिन्यांचा मुलगा. आमचे हे नारायणगावला कामाला असतात, पंधरा दिवसांनी येतात. गावरान कोंबड्या सहा आणि कोंबडा एक. कोंबड्या सासूबाईंच्या, म्हणजे लग्न होऊन मी आले तेव्हापासून त्याच बघतात.

अडचण अशी की अंडी सगळी विकली जातात. पर्यटक येतात ना धरणावर, त्यामुळे दुकानदार गावरान अंडं बारा रुपयाला घेतो आणि पुढे वीसला विकतो. आणि पोरगी बिस्कीट खाते. मागच्या महिन्यात अंगणवाडीत वजन केलं तर बाळाचं वजन पिवळ्या पट्ट्यात (म्हणजे कमी) आलं, ताई म्हणाल्या खाणं वाढवा, अंडं द्या. मी घरी सांगितलं तर सासूबाई म्हणतात एवढ्याशा लेकराला अंडं गरम पडतं.

दुसरं म्हणजे पिल्लं टिकतच नाहीत. कोंबडी दहा-बारा काढते, महिन्याभरात दोन-तीन उरतात, काही घार नेते काही मुंगूस, आणि उन्हाळ्यात मानमोडी आली तेव्हा तर अर्धी वाडी रिकामी झाली. आता गावात एक गाडीवाला येतो तो म्हणतो गिरिराज जातीची शंभर पिल्लं घ्या, एक दिवसाची, स्वस्तात देतो, सहा महिन्यात अंडीच अंडी. यांना ते पटलंय. मला भीती वाटते. घ्यावीत का? आणि नुसती घरापुरती अंडी हवी असतील तर कोंबड्या किती लागतात? बाळाला अंडं खरंच देतात का या वयात?

खुराडेवाला

ताई शंभर पिल्लं अजिबात घेऊ नका. स्वस्त म्हणून घेतात लोक आणि आठवड्यात खड्डा खणायची वेळ येते.

एक दिवसाच्या पिल्लाला पहिला आठवडा साधारण ३५ अंश ऊब लागते, मग दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी कमी करत न्यायची. शंभर पिल्लांना दोनशे वॅटचे तरी बल्ब पाहिजेत, आणि तुमच्याकडे पावसात लाईट किती वेळ असते ते तुम्हालाच माहीत. लाईट गेली की पिल्लं ऊब शोधत एका कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. सकाळी उठून बघायचं तर थर लागलेला. शिवाय गाडीवाल्याने मरेक्स रोगाची लस दिली का नाही, पिल्लं खरंच गिरिराजची आहेत का हॅचरीतून काढून टाकलेले पांढरे नर रंग लावून विकतोय, काही कळत नाही.

त्यापेक्षा सहा ते आठ आठवड्यांच्या तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) घ्या, लसीकरण झालेल्या, आठच घ्या. महाग पडतात पण जगतात. खडकी, कोल्हापूर, नागपूर आणि संभाजीनगरला सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं आहेत, आणि पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात तलंगांच्या गटाची ५० टक्के अनुदानाची योजना असते ती विचारा. अर्ज कधी निघतात ते मात्र डोळ्यात तेल घालून बघावं लागतं.

आता किती कोंबड्या लागतात. गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, फार तर सत्तर. कारण ती पंधराएक अंडी झाली की खुडूक होते, एकवीस दिवस बसते, मग पिल्लं फिरवते, तोवर अंडं बंद. म्हणजे तुमच्या सहा कोंबड्यांची वर्षाची साडेतीनशे धरा, त्यातली काही उबवायला जाणार. दोन पोरांना रोज एकेक म्हटलं तरी ७३० लागतात. तुम्ही आणि सासूबाईंनी पण खायचं तर दुप्पट. सहा गावरानमध्ये हे बसणारच नाही, त्यात सासूबाईंचा काही दोष नाही.

गिरिराज (बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची) किंवा ग्रामप्रिया (हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची) या दीडशेच्या आसपास अंडी देतात, ग्रामप्रिया थोडी जास्तच. आठ कोंबड्या म्हणजे वर्षाला बाराशे, दिवसाला तीनच्या वर सरासरी. पण नुसत्या उकिरड्यावर सोडून देत नाहीत हां. संध्याकाळी प्रत्येकी मूठभर, ४०-५० ग्रॅम, दाणा द्यावा लागतो. मका भरडा, तांदळाची कणी, थोडी सोयाबीन किंवा शेंगदाणा पेंड. बुरशी धरलेला मका माणसाला नको म्हणून कोंबडीला टाकतात बरेच जण, तसं करू नका, बुरशीच्या विषाने कोंबडी आतून सडते. अंड्याची टरफलं भाजून चुरून परत त्यांनाच घाला, कॅल्शियम फुकट मिळतं. न चुरता टाकलीत तर त्यांना अंडी फोडायची सवय लागते.

या जाती सहसा खुडूक होत नाहीत, त्यामुळे उबवायचं काम गावरान कोंबडीकडेच. दोन्ही ठेवा.

हिशेबी

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. गावरान अंडं बारा रुपयाला जातंय ना? जाऊ द्या. पांढरं पोल्ट्रीचं अंडं सात रुपयाला मिळतं. गावरान भरतं ४० ग्रॅम, पोल्ट्रीचं पन्नासच्या वर. प्रोटीन दोन्हीत सारख्याच प्रमाणात, म्हणजे मोठ्या अंड्यात उलट जास्तच. गावरानचा बलक केशरी दिसतो तो हिरवा पाला खाल्ल्याने, त्यावरून ताकद जास्त असं काही नसतं. चव वेगळी, मान्य. पण पर्यटकाला चवीचे पैसे द्यायचेत तर घ्या की. दहा गावरान विकून सतरा पांढरी येतात. नवीन कोंबड्या नकोत, दाणा नको, लस नको.

डोंगरवाडी

@हिशेबी दादा हिशेब बरोबर आहे पण ते बाराचे पैसे माझ्या हातात येतच नाहीत ना. त्याची चहापत्ती येते, तंबाखू येते, मुलीला खाऊ येतो. आणि पांढरी अंडी आणायला राजूरला जायचं तर जीपचे जायचे-यायचे पैसे, आणि वाटेत निम्मी फुटतात.

घाटावरची_काकू

अगं पोरी तुझ्या सासूचं ऐकलंस का कधी नीट? मी पण तीच सासू आहे म्हणून सांगते. आमच्या पिढीतल्या बाईच्या हातात स्वतःचा पैसा कुठला? भाताचा पैसा नवऱ्याचा, दुधाचा पैसा डेअरीतून पोराच्या खात्यात, कोंबडी एवढी एकच आमची. मीठमिरची, नातीला बांगड्या, लेक माहेरी आली की तिच्या हातावर ठेवायचे शंभर रुपये, सगळं त्या अंड्यातून. आता तू उद्या गेलीस आणि म्हणालीस की अंडी विकू नका पोरांना घाला, तर तिला काय वाटेल? तिचं पाकीटच काढून घेतल्यासारखं होईल. ती बोलणार नाही, पण "गरम पडतं" म्हणेल. बहुतेक वेळा ते गरमबिरम म्हणजे हेच असतं.

म्हणून अंड्याला हात लावायच्या आधी तिच्या पैशाचं बघ. कोंबडे! पिल्लांमध्ये निम्मे नर निघतात का नाही? आज तुमची पिल्लं जगत नाहीत म्हणून कोंबडे हाताला लागत नाहीत. दिवाळी झाली की दोन कोंबड्या एकदमच बसव, आखाडापर्यंत नर किलो-सव्वा किलोचे होतात, आणि गटारीला गावरान कोंबड्याला आमच्याकडे पाचशेला मरण नाही. जत्रेला तर विचारूच नको. सहा कोंबडे विकले की तीन हजार, म्हणजे अडीचशे अंड्यांचा पैसा एका झटक्यात, आणि तो सासूच्याच हातात दे. मग अंडं पोराला घातलं तर ती स्वतः सोलून देईल.

आता पिल्लं कशी जगवायची. दोन कोंबड्या एकाच दिवशी बसवल्या की पिल्लं निघाल्यावर रात्रीच्या अंधारात सगळी एकीच्या पोटाखाली सरकवायची, दिवसा नाही, दिवसा ती परक्या पिल्लाला टोचते. दुसरी मोकळी होते आणि लवकर परत अंड्यावर येते. पहिला महिना पिल्लं रानात सोडायचीच नाहीत. मोठं डालगं (कोंबड्या झाकायची बांबूची टोपली) घ्यायचं, त्याच्या कडेखाली चार बाजूला विटेचे तुकडे ठेवायचे, एवढेच की पिल्लू आतबाहेर करेल पण कोंबडी शिरणार नाही. आत बारीक कणी आणि पसरट ताटलीत पाणी, ताटलीत दोन-चार गोटे टाक नाहीतर पिल्लं बुडतात. कोंबडीला पायाला दोरी लावून बाजूला बांध, तिचा आवाज येत राहिला की पिल्लं लांब जात नाहीत. वर जुनी साडी ताणून बांधली की घार झेप घेत नाही. मुंगसाचं काम दिवसाउजेडी, पण खुराड्याला खालून फट ठेवू नको. लहानशा फटीतून आत येतं ते.

बसवायला ताजी अंडी घे, आठवड्याच्या आतली, उन्हाळ्यात त्याहून ताजी. सातव्या-आठव्या रात्री बॅटरीवर धरून बघ, आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर बरोबर, काहीच नाही दिसलं तर काढून टाक, कोंबडी फुकट ऊब घालत बसते. एप्रिल-मेमध्ये बसवूच नको, उन्हाने अंडी मरतात.

आणि कोंबडा बदल गं. घरचाच कोंबडा घरच्याच तलंगांवर वर्षानुवर्षं ठेवतात, मग पिल्लं किरकोळ निघतात. पलीकडच्या वाडीतल्या कोणाशी तरी अदलाबदल कर, पैसा लागत नाही.

पशुसेवक

काकूंनी सगळं सांगितलंय, लसीचं मी सांगतो कारण मानमोडी (राणीखेत) आली की बाकीचं सगळं पाण्यात जातं. विषाणूचा रोग आहे, औषध नाही. मान वळते, हिरवी पातळ हगवण, पंख पाडून बसतात, आणि दोन-चार दिवसात खुराडं साफ. मेडिकलवाला अँटिबायोटिक देतो ते घेऊन उपयोग शून्य.

पिल्लू पाच ते सात दिवसांचं असताना लासोटा (राणीखेतची लस), डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची लस. अठ्ठावीसच्या आसपास लासोटा परत. सहा आठवड्यांनंतर देवीची लस, आणि आठ आठवड्यांनी आर-टू-बी चं इंजेक्शन, ते राणीखेतचंच पण पक्कं. खरं सांगायचं तर डोंगरात गावरान पिल्लांना एवढं सगळं कोणी करत नाही, मग निदान पहिला लासोटा आणि आठ आठवड्यांचं आर-टू-बी एवढं तरी चुकवू नका, आणि मोठ्या कोंबड्यांना उन्हाळा लागायच्या आधी परत एकदा.

अडचण अशी असते की लसीची बाटली शंभर-दोनशे डोसची येते, तुमच्या सात कोंबड्या. एकदा पावडर पाण्यात कालवली की तासा-दोन तासात संपवावी लागते, उद्यासाठी ठेवता येत नाही. म्हणून वाडीतल्या सगळ्यांनी मिळून एक बाटली आणायची, थर्मासमध्ये बर्फ घालून, खिशात टाकून नाही, गरम झालेली लस म्हणजे नुसतं पाणी. आणि संध्याकाळी द्यायची, कोंबड्या खुराड्यात बसल्यावर, दिवसा पकडायला गेलात तर तुम्हीच दमाल. दवाखान्यात आधी सांगून ठेवलं तर आमच्यातला कोणीतरी येतो पण, एका घरासाठी यायला जमत नाही, वीस घरांसाठी जमतं. लस द्यायच्या आठवडाभर आधी जंताचं औषध देऊन ठेवा. आजारी कोंबडीला लस देऊ नका.

साथ आली की लोक काय करतात, आजारी कोंबड्या पटापट बाजारात विकतात नाहीतर कापून खातात आणि पिसं-आतडी ओढ्यात. तीच साथ खालच्या गावाला पोचते. खड्ड्यात चुना टाकून पुरा. आणि एका रात्रीत पटापट बऱ्याच मेल्या तर हात न लावता दवाखान्याला कळवा. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्या नवापूरलाच निघाला होता, पोल्ट्री फार्मवर, पण आजूबाजूच्या घरच्या कोंबड्या पण माराव्या लागल्या. मी घाबरवत नाही, बहुतेक वेळा ती मानमोडीच असते, पण बघणाऱ्याला बघू द्या.

ताटवाटी

बाळाचं कोणी बोललं नाही अजून, म्हणून मी. (आहारतज्ज्ञ आहे, पण तपासल्याशिवाय कोणाच्या बाळाबद्दल छातीठोक बोलणार नाही. वजन पिवळ्यात आहे तर प्राथमिक आरोग्य केंद्रात एकदा दाखवाच, कधीकधी खाणं पुरेसं असून आजारपणामुळे वजन अडकतं.)

सहा महिने झाले की वरच्या खाण्याबरोबर अंडं देता येतं. पूर्ण शिजलेलं, पिवळं-पांढरं दोन्ही. पहिल्यांदा चमचाभर बलक मऊ भातात किंवा वरणात कुस्करून द्या, दोन-तीन दिवस अंगावर पुरळ, उलटी असं काही होतंय का बघा, मग हळूहळू वाढवत अख्खं. उन्हाळ्यात पण चालतं. कच्चं किंवा अर्धकच्चं मात्र कोणालाच नको, पहिलवानकी करणाऱ्या काकांना पण नको, साल्मोनेला जंतूंची भीती असते आणि कच्च्या पांढऱ्यामुळे बायोटिन पण नीट मिळत नाही.

एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, बी-१२, अ जीवनसत्त्व, कोलीन. आपल्याकडच्या भात-नाचणी-वरणात बी-१२ नसतंच, त्यामुळे फरक पडतो. पण अंड्याने सगळं होतं असंही नाही. त्यातलं लोह अंगी फार लागत नाही, त्यामुळे आशाताई देतात ते लोहाचं सिरप बंद करू नका आणि पालेभाजी, डाळ, वरून तेल-तूप चालू ठेवा, डाळीवर लिंबू पिळा. इक्वाडोरमध्ये सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडं दिलं तेव्हा खुंटलेल्या वाढीचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं, २०१७ ला ते छापून आलं आणि जगभर गाजलं. मग मलावीत तसाच प्रयोग केला तर उंचीत काही फरकच दिसला नाही, कारण तिथली बाळं आधीपासून मासे खात होती आणि खुंटलेलीही कमी होती. म्हणजे ज्याच्या ताटात प्राणिज काहीच नाही त्याला अंडं जास्त लागू पडतं. तुमच्याकडे दूधही नसेल तर तुमचं बाळ त्यातलंच.

आता कोंबड्या वाढवणार असाल तर एक गोष्ट ऐका. अकरा महिन्यांचं बाळ रांगतं, आणि दिसेल ते तोंडात घालतं. इथिओपियातल्या खेड्यांच्या अभ्यासात असं दिसलं की कोंबड्या असणाऱ्या घरातली मुलं उंचीला बरी, पण ज्या घरात कोंबड्या रात्री माणसांबरोबर आत कोंडतात तिथे उलटं. विष्ठेतले जंतू पोटात जाऊन सतत बारीक जुलाब होत राहतात आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. आपल्याकडे मुंगसाच्या भीतीने चुलीपाशी पाटीखाली झाकून ठेवतात ना कोंबड्या, नेमकं ते. बाळासाठी अंगणाचा एक कोपरा कुडाने अडवा जिथे कोंबडी येणारच नाही, आणि अंडी गोळा करून, खुराडं झाडून आल्यावर साबणाने हात.

अजून एक, अकोले तालुक्यातला तुमचा भाग राजूर आदिवासी प्रकल्पात येतो. २०१५ ला सुरू झालेल्या अमृत आहार योजनेत आधी गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं जेवण होतं, पुढे त्यात सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळी आली. म्हणजे तुमची दोन्ही मुलं त्यात बसतात. अंगणवाडीत मिळतंय का ते विचारा, मिळत नसेल तर का नाही ते पण विचारा.

हिशेबी

माझा हिशेब कागदावर होता, जीपभाडं धरलं नव्हतं. काकूंचा कोंबड्याचा हिशेब भारी आहे.

डोंगरवाडी

सगळ्यांचे आभार, केवढं लिहिलंत. काकू तुमचं वाचून मी जरा वेळ गप्पच बसले होते. लेकीच्या हातावर शंभर रुपये ठेवायचं म्हणालात ना, आमच्या नणंदबाई येतात तेव्हा अगदी तसंच होतं, मी कधी जोडून बघितलं नव्हतं ते कुठून येतात.

अमृत आहारचं विचारलं. केळी मिळतात म्हणे, अंडी वाहतुकीत फुटतात म्हणून देत नाहीत. मी ताईंना म्हटलं गावातच कोंबड्या आहेत की, वाडीतून घ्या. त्या हसल्या पण पर्यवेक्षिका बाईंना विचारते म्हणाल्या.

शंभर पिल्लांचं रद्द. यांना फोनवर खुराडेवाले दादांचा लाईटचा मुद्दा सांगितला तर लगेच पटलं, पावसात आमच्याकडे लाईट दोन-दोन दिवस नसते. आठ तलंगा घेऊ म्हणतात. आता खुराडं बाहेर बांधायचं तर केवढं लागेल? आजवर रात्री पडवीतच झाकत होतो.

खुराडेवाला

पंधरा कोंबड्यांना पाच बाय सहा फूट पुरे, माणशी दोन चौरस फूट म्हणा ना. जमिनीपासून दोन फूट वर, लाकडी किंवा बांबूच्या पायावर. तळाला बांबूच्या चिपा बोटभर नाही, त्याहून कमी अंतरावर, विष्ठा खाली पडली पाहिजे पण मुंगसाचं तोंड वर आलं नाही पाहिजे, पायांना खाली पत्र्याची गोल कॉलर लावा म्हणजे साप-उंदीर चढत नाहीत. तुमच्याकडे पाऊस आडवा येतो तर पश्चिमेची बाजू पूर्ण बंद, पूर्वेला जाळी. छप्पर पुढे दोन फूट काढा. आत बसायला आडवी काठी आणि अंडी घालायला पेंढा भरलेल्या तीन पाट्या, अंधाऱ्या कोपऱ्यात. खालची विष्ठा गोळा करून आधी कुजवा मगच भाजीला घाला, ताजी टाकली तर रोप जळतं.

घाटावरची_काकू

आणि पाट्या सासूला लावू दे कुठे लावायच्या ते. कोंबडी कुठे घालते ते तिलाच ठाऊक.

पशुसेवक

तलंगा आणल्या की लगेच जुन्यात सोडू नका, दोन आठवडे वेगळ्या ठेवा. बाजारातून रोग असाच येतो. आणि कार्डावर कुठल्या लसी झाल्यात ते लिहून घ्या, विकणारा "सगळं झालंय" म्हणतो, तारीख विचारली की गडबडतो.